लंगड्या खुर्चीची शिकवणी

मित्रांनो, तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण मी एक जुनी, लंगडी खुर्ची असून सहावीचं गणित शिकलेली आहे. हसू नका. शेजारचं कपाट अजून पहिलीतच आहे.

मला घडवताना सुताराचा एका पायात हात चुकला. दुकानात त्याने मला सगळ्यांत मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलं. खुर्ची असून बसायच्या कामाची नाही, ही लाज मला आजही वाटते. शेवटी शिकवणीच्या बाईंनी मला घरी आणलं, पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि मुलांना बजावलं, "हिच्यावर बसायचं नाही. हिला शिकवायचं." त्यांची रीतच तशी. शिकवणी संपली की प्रत्येकाने माझ्यासमोर उभं राहून धडा आपल्या शब्दांत समजावायचा, मगच घरी जायचं.

एकदा एक मुलगी आली. सहावीत गणितात नापास झालेली. फेरपरीक्षेतही नापास झाली, तर धाकट्या भावाच्याच वर्गात बसायची वेळ. भाऊ तिला सोडायला यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "ताई, बाकावर तुझी जागा धरून ठेवू का गं?" ती बिचारी लाजेनं अर्धी व्हायची.

काहीही शिकवा, ती "समजलं" म्हणून मान डोलवायची.

"समजलं ना? मग सांग खुर्चीबाईंना," बाई म्हणाल्या.

ती कानापर्यंत लाल झाली. "अर्धा अधिक एक तृतीयांश... वर एक नि एक दोन, खाली दोन नि तीन पाच. म्हणजे दोन पंचमांश." मला पटलं होतं. पण तीच थबकली. "खुर्चीबाई, अर्ध्यात भर घातल्यावर ते अर्ध्याहून कमी कसं होईल?" आणि तिला रडू फुटलं.

बाई हसल्या. "समजलं नाही, हे आज पहिल्यांदा समजलं तुला. पूस डोळे. इथूनच सुरू करू."

तेव्हापासून तिला सवयच लागली. रोज धडा मोठ्यानं सांगून बघायचा, अडलं की थांबायचं, न लाजता विचारायचं. घरी मी नव्हते, म्हणून तिनं स्वयंपाकघरातलं स्टूल धरलं. तिचे बाबा घाबरून बाईंकडे आले. "पोरगी स्टुलावर खेकसते हो, 'आधी छेद समान कर!' म्हणून. काही काळजीचं नाही ना?"

फेरपरीक्षेत ती पास झाली. मित्रांनो, श्रेय कुणाचं, हे मी कशाला सांगू? त्या दिवशी मीच लंगडत लंगडत शाळेत गेले, तिच्या बाकामागे उभी राहिले आणि ती अडली की हळूच कुरकुरून उत्तर...

"खोटं!"

मागून, शिकवणीच्या दारातून, आवाज आला. तीच ती. पूर्वी कशालाही मान डोलवणारी, आता तुम्हा सगळ्यांदेखत ताठ उभी. मला तोंड कुठे लपवू असं झालं.

"खुर्चीबाई, मी अडले तेव्हा तिथे कुण्णी नव्हतं. मीच मला समजावून सांगितलं, आणि सुटलं!"