घड्याळचोराची लेक

ती कादंबरी म्हणजे गावाचा जीव की प्राण. त्याच गावात वाढणाऱ्या एका पोराची गोष्ट. वाचून लोक ढसाढसा रडायचे. पुस्तकबांधणीचं दुकान चालवणारी बाइंडरबाई मात्र ते पुस्तक दिसलं की दातओठ खायची. त्यात वाचनालयाचं घड्याळ चोरणारा लंगडा बाइंडर म्हणजे तिचा बाप, आणि त्याने आयुष्यात टाचणीसुद्धा चोरली नव्हती. तरी मरेपर्यंत तो ‘घड्याळचोर’च राहिला.

लेखकाच्या सत्कारासाठी वाचनालयाने त्याच कादंबरीची एक प्रत तिच्याकडे नव्या बांधणीला दिली. ती न्यायला लेखक स्वतःच आला. लहानपणी तो याच दुकानात खळ चाटत बसायचा.

“ताई, आज चोरीचं प्रकरण वाचणार. लोकांना तेच आवडतं.”

“माझ्या बापाने कधी चोरी केली रे?”

“अगं, कादंबरी आहे ती! खरं थोडंच असतं?”

“मग लंगडा पाय कसा खरा? दोरीने बांधलेला चष्मा कसा खरा? चोरी तेवढी तुझ्या पदरची!”

“लोकांनी प्रेमच केलं त्याच्यावर.”

“प्रेम? पोरं टिकटिक करत मागे लागायची त्याच्या, मेल्या!”

त्याने हसत पुस्तक चाळलं आणि त्याचं तोंड उतरलं. ते प्रकरणच गायब होतं.

“पानं कुठायत?”

“चुलीत घातली. त्यांच्या जाळावर खळ शिजवली, तिनेच पुठ्ठे चिकटवलेत. कुणी विचारलं तर सांग, घड्याळचोराच्या लेकीने पानं चोरली. ही चोरी तरी खरी आहे.”