फाडलेली तार

बद्रीनाथला रेल्वेचा गार्ड व्हायचं होतं. ड्रायव्हर नव्हे, स्टेशनमास्तर नव्हे, गार्डच. गावातली बाकीची पोरं तलाठी, फौजदार, मास्तर अशी रीतसर स्वप्नं बघत, कारण या लोकांना कुठंही गेलं तरी खुर्ची अन् चहा मिळतो. पण बद्रीनाथ चौथीत असताना चुलत्याबरोबर जालन्याला गेला आणि तिथं त्यानं शेवटच्या डब्यातला पांढऱ्या कपड्यातला माणूस पाहिला. त्या माणसानं हिरवी झेंडी हलवली तेव्हा कुठं एवढी मोठी गाडी हलली. इंजिन पुढं कितीही फुसफुसो, हुकूम मागून सुटतो, हे त्याला त्या दिवशी कळलं. पुढं मनमाड-काचीगुडा लाइनीवरच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा त्याला तोंडपाठ झाल्या. पाढे मात्र सतराच्या पुढं कधी सरकले नाहीत.

त्याचं गाव बोरखेडी, अंबडपासून दोन कोसांवर. बाप लवकर गेलेला. घरात आई साळूबाई, आणि थोरली बहीण पुष्पा सेलूला दिलेली. एक्याऐंशी साली जालना जिल्हा झाला, आता नोकऱ्यांचा पाऊस पडणार असं जो तो सांगत सुटला, आणि त्याच साली बद्रीनाथनं बी. ए. होऊन रेल्वेची लेखी परीक्षा दिली. पास झाल्याचं पत्र आलं. पुढचं बोलावणं येईल, वाट पाहा, असं त्यात होतं. साळूबाईनं ते पत्र देवापाशी ठेवलं आणि आल्यागेल्याला कुंकू लावून दाखवलं.

मग तो दोन दिवस जालन्याला गेला, मस्तगडात टायपिंगच्या परीक्षेला. नेमकी तेव्हाच तार आली.

आता तार म्हणजे काय, हे तेव्हाच्या माणसाला सांगावं लागत नसे. मुंबई-पुण्यात लग्नाच्या, बढतीच्या, वाढदिवसाच्या तारा येत असतील. बोरखेडीत तार यायची ती मेल्याचीच. वाईट बातमीचं पत्र उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, बाहेरच वाचून फाडून टाकायचं, ही रीत. तारेला तर वाचायचीही गरज नसे. ती इंग्रजीत असायची, आणि वाचून वेगळं काय निघणार होतं? तारवाला तातेराव म्हातारा सायकलवरून उतरला, त्यानं साळूबाईचा अंगठा घेतला आणि मान खाली घालून निघून गेला. पुष्पाला तेव्हा आठवा महिना होता, पहिलं बाळंतपण. साळूबाईनं एकदाच कपाळावर हात मारून घेतला आणि तार उभी-आडवी फाडून उकिरड्यावर टाकली. चूल विझवली, घराला कडी घातली आणि चार नातेवाईक घेऊन ती सेलूला निघाली.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ आला तर शेजारच्या गिरिजाबाईनं त्याला बाहेरच थांबवलं. पुष्पा गेली, म्हणाली. तो तसाच उलटपावली जालन्याला आला आणि गाडीत बसला. जागा मिळाली ती गार्डाच्या डब्याला लागून. एरवी तो खिडकीतून मान बाहेर काढून झेंडी बघत बसला असता. त्या दिवशी त्यानं मान वर केली नाही. सेलू येईपर्यंत बहिणीसाठी रडला.

तिकडं काय झालं होतं ते त्याला पोचल्यावर कळलं. साळूबाईनं रिवाजाप्रमाणं पुष्पाच्या गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढला होता. कोण रडतंय म्हणून बघायला पोट सावरत, हातात पिठाची परात घेऊन दारात आली ती पुष्पाच. आपल्या मरणाला रडणारी आई बघून तिची परात खाली पडली. मग गल्लीभर जे हसणं झालं, ते बद्रीनाथ पोचला तरी चालूच होतं. डोळे सुजलेला भाऊ दारात बघून पुष्पा पुन्हा हसायला लागली. बद्रीनाथही हसला, सगळ्यात जास्त तोच हसला. खोटी मरणवार्ता आली की आयुष्य वाढतं, असं कुणीतरी म्हणालं, आणि साळूबाईनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

जेवताना पुष्पाचा नवरा सहज म्हणाला, "मंग तार कशाची व्हती?"

साळूबाईच्या हातातला घास हातातच राहिला.

अंबडच्या तार ऑफिसात जगन्नाथराव तारबाबूंनी नक्कल काढून दाखवली. वैद्यकीय तपासणीसाठी सिकंदराबादला चौदा तारखेला हजर व्हा. त्या दिवशी सोळा होती. चौदाला बद्रीनाथ सेलूच्या गाडीत, गार्डाला पाठ करून रडत बसला होता.

त्यानं अर्ज केले, हात जोडले, दोनदा सिकंदराबादला जाऊन आला. जागा भरली होती. पुढं एकदा परीक्षेत नंबर लागला नाही आणि मग वय निघून गेलं. साळूबाई आठवडाभर जेवली नाही. मग एका दिवशी तिनं आपलं मन कुठंतरी टेकवलं आणि म्हणाली, "तुझी नौकरी गेली रे बाबा, पन माझ्या पुष्पीचं आयुष्य वाढलं. ते बघ." बद्रीनाथनं ते ऐकून घेतलं. पुढं पुढं त्याला ते पटलं सुद्धा. दुसरं पटवून घेण्यासारखं होतं तरी काय? पुष्पा दिवाळीला दोन पोरं घेऊन येई, खदाखदा हसे, आणि तिच्याकडं बघून त्याला वाटे, चला, अगदीच फुकट नाही गेलं.

तातेराव थकला तेव्हा जगन्नाथरावांनी बद्रीनाथला बोलावून विचारलं, करतोस का? तो हो म्हणाला. गावात लोकांना विचारलं असतं की सगळ्यांत नकोशी नोकरी कोणती, तर त्यांनी फार विचार केला नसता. म्हसणात लाकडं रचणाऱ्याला निदान लोक आपणहून बोलावतात. तारवाल्याला कोणी बोलावत नाही. त्याची सायकल दिसली की बाया पोरांना आत ओढत. सकाळी सकाळी त्याचं तोंड दिसलं की पेरणीला निघालेला माणूस बैल परत फिरवी. कुणी पाणी विचारत नसे. बद्रीनाथचं लग्न जमायला तीन वर्षं लागली. पहिल्या वर्षी तो प्रत्येक दारात मनातून हलायचा. दुसऱ्या वर्षी त्याला कळलं की बाया रडायला लागल्या की तो पावतीवर किती वाजले ते लिहीत असतो. वाईट वाटण्याची जागा आत कुठंतरी होती, पण तिथं आता हात पोचत नव्हता.

एकदाच पोचला. अंतरवाली सराटीला रामराव नावाच्या शेतकऱ्याच्या पोरीची तार होती, नर्सिंगला निवड झाल्याची. रामरावानं पावतीवर सही केली आणि तार दोन हातांत धरून फाडायला घेतली. बद्रीनाथनं सायकल टाकून त्याची दोन्ही मनगटं धरली. माणूस चक्रावला. कामावर असताना बद्रीनाथ त्याआधी कुणाला शिवला नव्हता.

त्या दिवसापासून त्यानं एक पद्धत सुरू केली. तारेतला मजकूर सांगायचा नाही, हा नियम. पण जगन्नाथराव चांगली तार उघडी देत आणि वाईट तार घडी घालून देत, आणि दोघंही त्याबद्दल बोलत नसत. चांगली असली की बद्रीनाथ शिवेपासूनच ओरडत जाई, "सुखाची हाय! सुखाची हाय!" वर्षातून अशा सात-आठ असत. लोकांना ती हाक माहीत झाली. पण त्याचा दुसरा परिणाम त्याच्या ध्यानात आला नव्हता. तो मुकाट्यानं आला की आता सगळं गाव उठून उभं राही. जे दार मागं पडे, तिथली माणसं खाली बसत.

एकोणनव्वदच्या मार्च महिन्यात, सकाळी अकराला, जगन्नाथरावांनी एक तार घडी घातली आणि हातातच ठेवली. दुसऱ्याला पाठवतो, म्हणाले. बद्रीनाथनं पत्ता पाहिला. साळूबाई, बोरखेडी. त्यानं तिथंच घडी उघडली, हेही त्यानं पहिल्यांदाच केलं. पुष्पा एक्सपायर्ड. स्टार्ट इमिजिएटली. एवढे चारच शब्द.

"माझ्याच लाइनीत येतंय साहेब," तो म्हणाला आणि पावतीबुक घेऊन निघाला.

सायकल चालवताना त्याला रडू येईल असं वाटत होतं. आलं नाही. चेन कोरडी पडली आहे, तेल घातलं पाहिजे, एवढंच डोक्यात आलं. बोरखेडीत शिरला तेव्हा पारावरची माणसं उठली. गिरिजाबाई सूप घेऊन उभी राहिली. तो तिच्या दारावरून पुढं गेला तेव्हा ती बसली नाही, कारण पुढं एकच घर उरत होतं.

साळूबाई ओट्यावर तूर निवडत होती. दुपारी तो कधी घरी येत नसे. तिनं सायकलकडं पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडं.

"कुनाकडं रं?"

"आपल्याकडं."

"हाक न्हाई दिली."

त्यानं सायकल ओट्याला टेकवली. साळूबाईनं सूप बाजूला ठेवलं, हात पुसले.

"वाच तू. नीट वाच. मागं म्या वाचू दिली न्हाई. रेल्वेची आसंल एखांद्या वख्ती."

बद्रीनाथ तीस वर्षांचा होता. त्यानं तार वाचली, आधी इंग्रजीत, मग मराठीत. पुष्पा वारली, ताबडतोब निघा. आवाज अगदी सरळ आला, दुसऱ्या कुणाच्या दारात वाचावी तसा. मग सवयीनं हात खिशात गेला आणि त्यानं शाईचा पॅड काढून पावतीबुक पुढं धरलं. काय करतोय हे त्याला कळत होतं, तरी हात मागं घेता आला नाही. साळूबाईनंही निमूटपणे अंगठा दिला. त्यानं वेळ टाकली, बारा वाजून दहा मिनिटं.

साळूबाईनं तार हातात घेतली आणि फाडली. उभी, आडवी, मग पुन्हा उभी, तांदळाएवढे तुकडे होईपर्यंत. फाडताना ती रडत नव्हती. चेहरा उलट कामाला लागल्यासारखा होता. उकिरड्यावर जाऊन तिनं ते तुकडे टाकले, जिथं आठ वर्षांपूर्वी टाकले होते तिथंच.

"मागं बी म्या अशीच फाडली व्हती," ती म्हणाली. "गाडी कव्हा हाय सेलूला?"

"अडीचची गावंल."

"चल मंग जल्दी."

गाडीत ती खिडकीशी ताठ बसून होती. बद्रीनाथला आईची समजूत काढायची होती. वाढलेलं आयुष्य आठच वर्षांचं होतं, हे दोघांनाही दिसत होतं, आणि ते बोलायचं कुणी हा प्रश्न होता. परतूरला गाडी थांबली तेव्हा मागून गार्डाची शिट्टी ऐकू आली. साळूबाई म्हणाली, "त्यो तुझाच डबा व्हता." त्यानं मान हलवली.

सेलूला पुष्पाच्या गल्लीच्या तोंडाशी साळूबाई थांबली. पदर डोक्यावर घेतला आणि तिथूनच गळा काढला, मागच्या वेळी काढला होता तसाच, नाव घेऊन. मग एकदम गप्प झाली आणि दाराकडं बघत उभी राहिली. कोणी आलं नाही. चार पावलं पुढं जाऊन ती पुन्हा रडली, पहिल्यापेक्षा मोठ्यानं, आणि पुन्हा थांबली. बद्रीनाथच्या आता ध्यानात आलं की ती रडत नाही, पोरीला हाक मारते आहे. असं ती तीनदा थांबली.

तिसऱ्यांदा दार उघडलं. दोन शेजारणी बाहेर आल्या आणि साळूबाईला धरायला धावल्या. त्यांच्यामागं दार उघडंच होतं. साळूबाई त्या बायांच्या खांद्यावरून आत बघत राहिली.