एकाच साच्यातल्या पाच

...कडेवरचा तो ओरखडा नखाला लागत होता, डोळ्यांना दिसत नव्हता. त्याने तबकडी उलटी केली, पुन्हा सुलटी केली, अंगठा कडेवरून सावकाश फिरवत नेला — इथे. हो, इथेच — आणि मग आतल्या बाजूला बॉलपेनने लिहिलेला आकडा वाचला. एकशे बहात्तर ग्रॅम. आकडा खोटा होता. मघाशीच त्याने ती काट्यावर ठेवून पाहिली होती, एकशे सत्तरच्या किंचित वर. राहिलेलं वजन झाडांवर, दगडांवर झिजून गेलं असेल, किंवा लिहिणाऱ्याने मुळातच अंदाजाने लिहिलं असेल. लोक अंदाजाने काय काय लिहून ठेवतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? वजनमापांचा तपासनीस म्हणून तो एकोणतीस वर्षं दुकानादुकानांतून फिरत होता. पितळी वजनांची पेटी उघडायची, काटा तपासायचा, बरोबर असेल तर मोहोर, नसेल तर नोटीस.

जेवणाच्या टेबलावर चौतीस तबकड्या होत्या. सहा वर्षांत जमलेल्या. काही वाढदिवसाला मिळालेल्या, काही झुडपांत सापडलेल्या आणि मालक न सापडलेल्या, काही मेहुण्याने ‘ही घ्या भावजी, हिच्याशी माझं जमत नाही’ म्हणून दिलेल्या. खेळ तसा साधाच — मैदानात ठिकठिकाणी खांबांवर टोपल्या, टोपल्यांवर साखळ्या टांगलेल्या, आणि लांबून तबकडी फेकत फेकत कमीत कमी फेकींत ती साखळ्यांत अडकवायची. लांबच्या फेकीला पातळ धारेची ड्रायव्हर, मधल्या अंतराला मिडरेंज, टोपलीजवळ आल्यावर जाड कडेची पटर. पण एकीसारखी दुसरी नसते. एक डावीकडे वळते, एक उजवीकडे कलते, एक उन्हात मऊ पडते. आणि तीच तबकडी जुनी झाली की स्वभाव बदलते, म्हाताऱ्या माणसासारखी. आजवर त्याला हे आवडत आलं होतं. आठवडाभर ग्रॅमच्या शंभराव्या भागाचा हिशोब ठेवणाऱ्या माणसाला रविवारी सकाळी थोडी बेशिस्त बरी वाटते, असं तो स्वतःच सांगायचा.

आता तो त्यांचे गट पाडत होता. आधी वजनाने. मग साच्याने. मग प्लास्टिकने — कडक, मऊ, पकड धरणारं, निसटणारं. गट पडेनात. वजन जुळलं तर साचा वेगळा, साचा जुळला तर एक नवी आणि एक चावल्यासारखी झालेली. चौतिसांतून सारख्या म्हणाव्या अशा दोनसुद्धा निघाल्या नाहीत.

बायको शाळेत जायला निघाली तेव्हा दारात थांबून तिने टेबलाकडे पाहिलं. ती बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते. शनिवारी अर्धा दिवस.

“जेवायला जागा ठेवा तेवढी,” ती म्हणाली.

तो हसला. हातात तबकडी होती, तीच जरा वर करून त्याने निरोप दिल्यासारखं केलं. ती क्षणभर तिथेच उभी राहिली — चपलेचा पट्टा बसत नसावा — आणि गेली.

गेल्या रविवारचं तिला त्याने सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतंही काय? तिसऱ्या टोपलीला त्याची पिवळी मिडरेंज, नेहमी सरळ जायची ती, उजवीकडे कलली आणि झुडपांत घुसली. पाचव्याला तेच. सातव्याला त्याने दुसरी घेतली, ती डावीकडे गेली. मेहुणा एरवी चिडवायची एकही संधी सोडत नाही. एक फेक चुकली तर घरी परत येईपर्यंत पुरवतो. त्या दिवशी तो गप्प राहिला आणि झुडपांत शिरून तबकडी शोधून आणत राहिला. शेवटी म्हणाला, “जुनी झालीय भावजी ती. बदलून टाका.” इतक्या मऊपणाने म्हणाला की... नाही. मऊपणा मीच ऐकला असेल. नाचता येईना अंगण वाकडे, एवढं म्हणून तो मोकळा झाला असता तर बरं झालं असतं.

आणि औषधविक्रेत्याचं दुकान. ते तर रविवारच्याही आधीचं. आज दहा दिवस झाले.

नेहमीची वार्षिक तपासणी. औषधविक्रेता जुना ओळखीचा, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा माणूस. त्याच्या मलमं तयार करायच्या छोट्या काट्यावर त्याने चिमट्याने आपल्या पेटीतलं दोन ग्रॅमचं वजन ठेवलं, नीट, मध्यभागी, आणि आकडा स्थिर व्हायची वाट पाहिली. आकडा स्थिर होईना. शेवटचे दोन अंक सारखे बदलत होते. पंखा बंद करायला सांगितला. बदलतच होते. मग मागचा फ्रिज. त्याच्या मोटारीची थरथर फळीतून येते कधीकधी. औषधविक्रेत्याने फ्रिज बंद केला. रस्त्यावरून एखादं जड वाहन जात असेल म्हणून दोघे थांबले. रस्ता रिकामा होता. मग त्याने आपली नोंदवही ओढली, पेन घेण्यासाठी उजवा हात फळीवरून उचलला, आणि आकडे थांबले. दोन, पूर्णांक, शून्य, शून्य. त्याने हात पुन्हा फळीवर टेकवला. का टेकवला? टेकवायला नको होता. पण सवय — शंका आली की पुन्हा करून पाहायचं. आकडे हलायला लागले. औषधविक्रेत्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला, काट्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, आणि वळून फ्रिज सुरू करायला गेला. तिथे तो जरा जास्तच वेळ थांबला.

काटा बरोबर होता. त्याने मोहोर लावली.

तेव्हापासून एक विचार ठाण मांडून बसला होता. एका गोष्टीची परीक्षा घ्यायची तर बाकीच्या सगळ्या गोष्टी सारख्या ठेवायच्या. नव्या तपासनिसांना पहिल्या दिवशी मीच हे शिकवतो. चौतीस तऱ्हेच्या चौतीस तबकड्या घेऊन फिरणाऱ्याला कधीच कळणार नाही की फेक का चुकली. प्रत्येक चुकीला कारण तयार. ही जुनी, ती हलकी, हिला वारा लागला. सहा वर्षं आपण चौतीस सबबी पिशवीत घालून हिंडलो, असं त्याच्या मनात आलं आणि वाक्य चांगलं जमलं म्हणून त्याला बरंही वाटलं. अशा वेळीही माणसाला आपलं वाक्य आवडतं.

त्याने सगळ्या तबकड्या गोळा केल्या, जेवणाची जागा मोकळी केली आणि सरांकडे गेला.

सर म्हणजे निवृत्त पीटीचे मास्तर. मैदानातल्या नऊही टोपल्या त्यांनीच उभ्या केलेल्या. घरामागच्या खोलीत ते तबकड्या विकतात, म्हणजे विकण्यापेक्षा गिऱ्हाइकं परत पाठवतात जास्त. रंग बघून तबकडी मागणाऱ्याला ते सरळ दार दाखवतात. त्याने काय हवं ते सांगितलं. एकच मिडरेंज, पाच नग, सगळ्या सारख्या.

“रंग?”

“कुठलाही. पण एकच.”

सरांनी त्याच्याकडे जरा आदराने पाहिलं. मग कशासाठी हव्यात ते विचारलं; जिंकायला हव्यात की शिकायला? तपासायला, तो म्हणाला. हे उत्तर सरांना अपेक्षित नसावं. ते स्टुलावर चढून फळीवरचा एक खोका खाली काढू लागले आणि पाठमोरेच बोलले, “एक साचा, एक प्लास्टिक, एक वजन. मग चुकलं तर कुणाचं चुकलं ते लगेच कळतं. म्हणून तर लोक घेत नाहीत.”

खोक्यातून राखाडी तबकड्या निघाल्या. त्याने खिशातला छोटा काटा काढला तेव्हा सरांनी खुर्ची पुढे सरकवली आणि बघत बसले. एकशे पंचाहत्तर. एकशे पंचाहत्तर. एकशे चौऱ्याहत्तर — बाजूला. नऊ तोलल्यावर पाच निघाल्या. त्याने डोळे मिटून कडा चाचपल्या, मधला फुगवटा अंगठ्याने दाबून पाहिला, पाचही एकीवर एक रचून डोळ्यांच्या पातळीला धरल्या. त्यांच्यात निवड करण्यासारखं काही उरलं नव्हतं. एखादी जोडी इतकी जुळावी याचं समाधान त्याच्या धंद्यातलं होतं. ते आलं, थोडा वेळ थांबलं, आणि त्याच्यामागून दुसरं काहीतरी येऊ लागलं तेव्हा त्याने घाईने पाचही पिशवीत घातल्या.

मैदान पाण्याच्या टाकीमागे आहे. शनिवारी दुपारी तिथे कुणी नसतं. वारा पडला होता. त्याने तिसरी टोपली निवडली, साठ पावलं मोजली, टाचेने मातीत रेघ ओढली आणि पाचही तबकड्या डाव्या हातात घेतल्या.

पहिली गेली. बघायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. पाचही फेकून झाल्यावरच बघायचं. तरी बघितली. सरळ गेली, शेवटी जराशी डावीकडे झुकली, तिने झुकावं तशी. दुसरी. तिसरी. चौथीच्या वेळी खांदा जरा लवकर उघडला हे त्याला हातातून सुटतानाच कळलं. पाचवी.

चालत जाऊन पाहिलं तर टोपलीच्या अलीकडे पाचही एका चादरीखाली झाकता याव्यात अशा पडल्या होत्या. चौथीसुद्धा.

पाच नोंदी पुरेशा नसतात. त्याने पुन्हा फेकल्या. पुन्हा चालत गेला. पुन्हा. पंधरा फेकींनंतर त्याला घाम आला होता आणि चादरीचा आकार तेवढाच होता. मग पिशवीत तळाशी असलेली ती पिवळी त्याने काढली, त्याच रेघेवरून, तितक्याच जोराने फेकली, आणि ती उजवीकडे कलून सरळ झुडपांत घुसली.

म्हणजे मेहुणा खरंच बोलला होता. जुनी झाली होती ती. मऊपणा वगैरे काही नव्हतं. साधं मत होतं. अंगण खरोखरच वाकडं होतं.

त्याला आनंद व्हायला हवा होता. तो आनंदाची वाट बघत सिमेंटच्या कट्ट्यावर बसला, पाचही तबकड्या शेजारी रचून ठेवल्या, हात गुडघ्यावर ठेवला. फेकताना हात शांत होता. सुटताना शांत होता. चिमट्याने वजन ठेवतानाही — आता नीट आठवलं — अगदी शांत होता, वजन बरोबर मध्यभागी बसलं होतं. मग त्याने गुडघ्याकडे पाहिलं. काही काम नसलेला अंगठा तर्जनीवर सरकत होता, चिमटीत न दिसणारा दाणा धरून फिरवावा तसा; सावकाश, एका लयीत, कुणाची परवानगी न घेता. त्याने परीक्षा अचूक घेतली होती. ती चुकीच्या गोष्टीची होती, एवढंच.

कुंपणाच्या फाटकाचा आवाज आला. बायको. शाळेतून घरी येण्याची तिची वाट याच मैदानावरून जाते हे त्याला माहीत होतं, पण इतका वेळ झाला असेल हे नव्हतं. ती पर्स सावरत गवतातून येत होती. त्याने वरची तबकडी उचलून हातात घेतली.

“झाल्या निवडून?” ती शेजारी बसली.

“या पाच ठेवतोय. बाकीच्या तुझ्या भावाला देऊन टाकू.”

“त्याने तुम्हाला दिलेल्यापण?”

“त्यासुद्धा.”

ती हसली. समोर टोपलीच्या साखळ्या हलत नव्हत्या. मग ती म्हणाली, “ती जरा खाली ठेवा.”

“काय?”

“हातातली.”

त्याने ठेवली. का म्हणून विचारता आलं असतं, पण त्या विचारण्याचाही आता कंटाळा आला होता.

“दहा दिवस झाले,” ती म्हणाली, “तुमचा हात रिकामा बघितला नाही मी. पेपर वाचून झाला तरी पेपर हातात. कप विसळलेला असला तरी कप. आणि आज सकाळपासून या. दिवसभर हातच बघते हो मी. मला कळणार नाही असं वाटलं तुम्हाला?”

मग त्याने सांगितलं. औषधविक्रेत्याचं दुकान, पंखा, फ्रिज, रिकामा रस्ता, सगळं क्रमाने, अहवालात लिहावं तसं. आपला आवाज किती सपाट आहे हे त्याला बोलता बोलता ऐकू येत होतं. फेकताना हात हलत नाही हेही सांगितलं, पंधरापैकी पंधरा, आणि हे सांगताना तो आपल्या बाजूने साक्ष देत असल्यासारखा जरा घाईने बोलला. तिने मध्ये काहीच विचारलं नाही. त्याचं संपल्यावर एवढंच म्हणाली की सोमवारी पहिला तास ती दुसऱ्या बाईंना घ्यायला सांगेल, आणि दोघं मिळून डॉक्टरांना दाखवून येऊ. त्यावर तो, पाचवीच्या वर्गात सोमवारी चाचणी असते ना, असं काहीतरी म्हणाला.

गुडघ्यावर हात पुन्हा सुरू झाला. मुठीत घ्यावा, मांडीखाली दाबावा, खिशात घालावा — तिन्ही गोष्टी ओळीने मनात आल्या आणि हात होता तिथेच राहिला. ती त्याच्याकडे बघत होती. दयेने नव्हे, घाबरूनही नव्हे. तिच्या वर्गात तो एकदा मागच्या बाकावर बसला होता, तेव्हा एक मुलगी हातांनी काहीतरी लांबलचक, अडखळत सांगत होती, आणि ही अशीच बघत उभी होती, पापणीसुद्धा न हलवता, वाक्य पुरं होईपर्यंत. मधे बोलायचं नसतं, तिने नंतर सांगितलं होतं; शेवटची खूण होईपर्यंत अर्थ लागत नाही.

तोही बघू लागला. हा हात बरोबर की चूक, हे ठरवायची त्याला घाई झाली नव्हती हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं. अंगठा सरकत होता. काय म्हणतोय ते कळत नव्हतं — तिलाही कळलं असेल असं नाही — पण मध्येच तोडावं असं आता वाटत नव्हतं...