मधली रेघ

भूलतज्ज्ञ नितेश ढोकणे राहायचा अकोल्याच्या जठारपेठेत, आणि आठवड्यातून दोन दिवस अमरावतीच्या एका छोट्या प्रसूतिगृहात भूल द्यायला यायचा. पाठीत सुई घालून कमरेखालचं अंग बधिर करण्यात आपला हात धरणारा सगळ्या वऱ्हाडात कोणी नाही, असं त्याला अकरा वर्षं वाटत आलं होतं. तसं त्याला कोणी म्हटलं नव्हतं, पण त्यावाचून त्याचं काही अडलंही नव्हतं.

त्या मंगळवारी सकाळी वलगावची चंदा आली. घरची झेंडूची शेती, पहिलंच बाळ आणि तेही पोटात आडवं, म्हणून सिझेरियन ठरलेलं. कागदावर वजनाची जागा कोरी होती. नितेशने घसा खाकरला आणि होईल तितक्या आडवळणाने विचारलं, "वजन साधारण... म्हणजे अंदाजे...?"

"एकशे सहा," चंदा म्हणाली. "अन् तुमचं?"

गोदाबाई, तिथल्या जुन्या सिस्टर, एकदम कपाट आवरायला लागल्या. नितेशने पोट आत ओढलं. "अठ्ठ्याण्णव," तो म्हणाला. हा आकडा दिवाळीच्या आधीचा होता.

"मंग तुमी काहून लाजून राहिले? मी तं लाजत नाई."

ऑपरेशन थिएटरमध्ये नितेशने तिला नेहमीसारखं डाव्या कुशीवर झोपवलं. गोदाबाई हळूच म्हणाल्या, "सर, बसवून घेऊ का? बसलं की पाठ बरी सापडते."

"गरज नाही. पेशंटला झोपूनच बरं वाटतं."

खरं कारण वेगळं होतं. पेशंट झोपलेला असला की नितेशला स्टुलावर आरामात बसता यायचं. पेशंटला बसवलं की त्याला वाकावं लागायचं, आणि वाकलं की त्याचं पोट मध्ये यायचं.

त्याने कातडी बधिर केली आणि बोटांनी मणके चाचपले. एकही हाताला लागेना. कुशीवर झोपल्यामुळे पाठीचं मांस खाली ओघळलं होतं आणि पाठीची मधली रेघ त्याच्याबरोबर सरकली होती. पहिल्यांदा सुई हाडावर आदळली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा घाम पुसत तो म्हणाला, "हलू नका हो."

"मी नाई हालली, डॉक्टर. तुमीच हालून राहिले."

त्याने खाली पाहिलं. चाकाचं स्टूल त्याला घेऊन हळूहळू भिंतीकडे निघालं होतं.

ऑपरेशन करणाऱ्या पौर्णिमा मॅडम हात धुऊन उभ्या होत्या. अशा वेळी 'पाठ अवघड आहे' असं म्हणायची नितेशची सवय होती. आजवर कोणत्याही पाठीने उलट उत्तर दिलं नव्हतं. तो तोंड उघडणार, तेवढ्यात चंदाने विचारलं, "माह्या वजनानं होऊन राहिलं का हे?" आवाज बारीक झाला होता. मघाची मस्करी कुठल्या कुठे गेली होती.

नितेशच्या तोंडातलं वाक्य तिथेच थांबलं.

"नाही," तो म्हणाला. "माझ्यामुळे. मी तुम्हाला चुकीचं झोपवलं. गोदाबाईंचं ऐकायला हवं होतं."

गोदाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की एखाद्याला वाटावं याचीच भूल उतरली.

मग चंदाला टेबलाच्या कडेला बसवलं. पाय खाली चौरंगावर, मिठीत उशी, हनुवटी छातीला. गोदाबाईंनी समोरून तिचे खांदे धरले. स्टूल बाजूला गेलं आणि नितेश आपल्या पोटाची समजूत घालत वाकला. लांब सुई घेऊन म्हणाला, "दाब जाणवला की सांगा, मधोमध वाटतो की एका बाजूला. मला दिसत नाही, तुम्हाला कळतं."

"उजवीकडे जाऊन राहिली."

त्याने सुई जरा मागे घेऊन वळवली. "आता?"

"अजून जराशीक... हां. आता मधात."

सुई नेमक्या जागी पोचली आणि तिच्या मागच्या टोकातून मणक्यातल्या स्वच्छ पाण्याचा थेंब आला. नितेशने जन्मात इतकं सुंदर पाणी पाहिलं नव्हतं. वजन जास्त म्हणून औषध जास्त द्यायचं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. त्या सकाळी तेवढ्याच ज्ञानावर समाधान मानून त्याने नेहमीच्याच मापाने औषध भरलं. चंदाला लगेच आडवं केलं आणि गर्भाचा भार मोठ्या शिरेवर पडू नये म्हणून उजव्या कुल्ल्याखाली उशी सारली. बीपी थोडं उतरलं, औषधाने वर आलं. थोड्याच वेळात साडेतीन किलोची मुलगी जन्माला आली आणि सगळ्यांवर ओरडू लागली.

नितेशने कागदावर लिहिलं, 'कुशीवर तीन प्रयत्न, अयशस्वी. बसवून पहिल्याच वेळी यश.' जरा थांबून पुढे जोडलं, 'पेशंटच्या मार्गदर्शनाने.'

दुसऱ्या दिवशी तो तिला पाहायला गेला, तेव्हा सासू पार्बताबाई दारातच उभ्या होत्या. "काहो डॉक्टर, सुनेच्या पाठीत चार भोकं कायची?"

"तीन माझ्या हट्टाची, मावशी. एक कामाचं."

"अन् चारीचं दुखणं तिलेच?"

"हो. दोन-चार दिवस दुखेल. चुकलं माझं."

पार्बताबाई भांडायच्या पूर्ण तयारीने आल्या होत्या. आता कमरेवरचा हात त्यांनी पदर सावरायला नेला. आतून चंदा ओरडली, "आत्याबाई, येऊ द्या त्यायले. मले हासवू नका फक्त, टाके दुखून राहिले."