चौथ्या डाउनचा दांडा

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे. म्युनिकजवळच्या गार्चिंग गावातल्या एका छोट्या अमेरिकन फुटबॉल क्लबच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी उभा असतो. माझ्या डोक्यावर एक ते चार आकड्यांच्या पाट्या आहेत. मूठ फिरवली की पाटी बदलते.

हा खेळ तुम्ही पाहिला नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. संघाला दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाला 'डाउन' म्हणतात. जमलं तर पुन्हा चार. नाही जमलं तर चेंडू आहे तिथेच समोरच्या संघाचा होतो. म्हणून चौथ्या डाउनला बहुतेक जण धोका पत्करत नाहीत, चेंडूला लाथ मारून तो लांब पाठवून देतात. कितवा डाउन आहे, तेवढं मी दाखवतो. त्यापलीकडे माझ्या हातात काही नाही.

क्लबच्याच एका वेल्डरने मला ॲल्युमिनियमच्या नळीतून घडवलं आणि नारिंगी रंग दिला. सुरुवातीला बाहेरगावचे पंचसुद्धा माझं कौतुक करायचे. मग कोणी मला चिखलात टाकलं, कोणी पावसात विसरलं. एका वसंतात पद्माकरकाकांनी मला हातात घेतलं, आणि माझे चांगले दिवस आले.

काका पुण्याचे, म्युनिकमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण त्यांची मुलगी मैथिली विद्यापीठात संख्याशास्त्र शिकत होती आणि क्लबसाठी आकडेमोड करायची. घरी ती मोजकंच बोले, तेही जर्मनमध्ये. रविवारी तरी तिच्या आसपास असावं, म्हणून काका आले. मला धरणाऱ्याला एकच नियम होता: कोणाचीही बाजू घ्यायची नाही. टाळी नाही, आरडाओरडा नाही.

मैथिलीने तीन हंगामांतले चारशे बारा चौथे डाउन तपासले आणि एक तक्ता केला. एकच यार्ड उरला असेल, तर लाथ मारू नका, धावा. दहापैकी सात वेळा जमतं. प्रशिक्षक लोरेन्झ यांनी तो मानला. त्या वर्षी माझी चारची पाटी लागली की प्रेक्षक उठून उभे राहत. संघ जिंकत गेला.

शेवटचा सामना वरच्या गटात जाण्यासाठी होता. आम्ही चार गुणांनी पुढे होतो. पाच मिनिटं उरली होती. चौथा डाउन, एक यार्ड. लोरेन्झ यांनी मैथिलीकडे पाहिलं. तिने तक्ता पाहिला आणि होकारार्थी मान डोलावली. माझ्या मुठीवर काकांची बोटं घट्ट झाली.

आमचा खेळाडू चेंडू घेऊन घुसला. त्याच्यावर ढिगारा पडला. मोजायची साखळी आली. वीतभर कमी पडलं.

चेंडू आता समोरच्यांचा होता. म्हणजे मला पुन्हा एकवर आणायचं होतं, आणि ते काम काकांचं. लेक वीस पावलांवर पांढरीफटक उभी होती. काकांनी मूठ फिरवली. मला अडकून राहता आलं असतं तर मी राहिलो असतो. पण माझी पाटी गपकन फिरली.

त्यांनी चेंडू आमच्या टोकापर्यंत नेला आणि सहा गुण मिळवले. आम्ही हरलो.

"आकडे घेऊन घरी बस!" क्लबच्या कमिटीतला एक जण मैथिलीवर ओरडला. लोरेन्झ खाली मान घालून म्हणाले, "यापुढे मी लाथच मारायला सांगेन." काकांना बोलायचं होतं. पण मला धरणाऱ्याचं नारिंगी जॅकेट अजून अंगात होतं, सामना नुकताच संपला होता. शब्द मिळेपर्यंत ती माणसं निघूनही गेली.

शेडच्या दाराशी मैथिलीने विचारलं, "बाबा, माझं चुकलं का?"

"नाही गं. दहापैकी सात म्हणजे तीन वेळा असं होणारच."

"इश वाइस, बाबा. माहितीये मला. पण आजच का?"

काकांनी मला भिंतीला टेकवलं.

पुढे मैथिली कायझर्सलाउटर्नला शिकायला गेली. मैदानावर ती परत आली नाही. काका मात्र येत राहिले.

गेल्या सप्टेंबरात पुन्हा तसंच घडलं. थोडीशी आघाडी, चौथा डाउन, एक यार्ड. लोरेन्झ यांनी लाथ मारायला सांगितली. समोरच्या खेळाडूने चेंडू झेलला आणि तो थेट आमच्या टोकापर्यंत धावत गेला. आम्ही हरलो. काकांनी मैदानाच्या कडेवरूनच मैथिलीला फोन केला.

"लाथ मारली, तरी हरलो."

"किती यार्ड होते?"

"एक."

"कोणी ओरडलं का कोणावर?"

"नाही गं. सगळे म्हणाले, आज नशीब नव्हतं."

पलीकडून तिचा श्वास तेवढा ऐकू आला. फोन कानाला लावून काका तसेच उभे राहिले, मैदान रिकामं होईपर्यंत.

मित्रांनो, माझी लोखंडी मूठ आता गंजली आहे. तेल घातलंत तर बरं वाटेल, नाही घातलंत तरी चालेल. पण नीट विचार करून कोणी पाऊल टाकलं आणि ते वीतभर कमी पडलं, तर त्या दिवशी त्याच्यावर ओरडू नका. मी तिथेच उभा होतो, आणि मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.