मुखवट्याआड कोण

"तुम्हाला वाचता येतं, अण्णासाहेब. समजत नाही."

गुरुदत्तराव हे आवाज न चढवता बोलले, म्हणूनच ते ओसरीवर बसलेल्या सगळ्यांना नीट ऐकू गेले. अण्णांच्या हातातले मासिक तसेच उघडे राहिले. ठाण्यात खारकर आळीतल्या त्या घरी दर रविवारी दुपारी मंडळी जमत, अण्णा खणखणीत आवाजात वाचत आणि बाकीचे मान डोलवत. कचेरीत अण्णा दप्तरातले एक साधे कारकून होते. तिथे त्यांना कुणी बसाही म्हणत नसे. पण रविवारी दुपारी या ओसरीवर त्यांच्या शब्दाला वजन होते. त्या वजनालाच आज कुणीतरी हात घातला होता, आणि हात घालणारा त्यांचा सख्खा व्याही होता.

अण्णांनी मासिक मिटले.

"उठा माझ्या घरातून," ते म्हणाले.

मुलीच्या बापाने व्याह्याला असे म्हणायचे नसते. अण्णांच्या पत्नी गोदूबाई माजघराच्या दारातून दोन पावले पुढे आल्या. गुरुदत्तरावांनी मात्र पागोटे चढवले, उपरणे झटकले, पायरीवर बसून सावकाश जोडे घातले आणि कल्याणची गाडी धरायला निघून गेले. मागे वळून पाहिले नाही.

भांडण झाले ते जगात नसलेल्या एका माणसावरून.

मासिकात 'गगननगरी' नावाची अद्भुत कादंबरी क्रमशः येत होती. राजा शूरपाल आणि त्याचा प्रधान समुद्रात बुडाल्याची वार्ता येते. त्यानंतर एके दिवशी राजवाड्याच्या गच्चीवर तांब्याचे विमान उतरते. ते वाफेवर चालते आणि ढगांपलीकडच्या अशा एका नगरीला जाते, जिथे माणसाला म्हातारपण येत नाही. विमान हाकणाऱ्या माणसाच्या तोंडावर लोखंडी मुखवटा असतो. तो कधी बोलत नाही. आणि राणी पद्माक्षी, कुणाला न सांगता, आपल्या पायांनी चालत त्या विमानात जाऊन बसते.

मुखवट्याआड कोण, हा प्रश्न सारे वर्ष ठाण्यात आणि कल्याणात धुमसत होता. अण्णांचे म्हणणे, तो खुद्द राजा. पुरावा काय? विमानवाला मुजरा डाव्या हाताने करतो, आणि रानडुकराच्या शिकारीत राजाचा उजवा हात अधू झाल्याचे दुसऱ्याच प्रकरणात आलेले आहे. शिवाय परक्या माणसाच्या चाहुलीने किंचाळणारा राणीचा पोपट त्या दिवशी मुकाट राहिला. गुरुदत्तरावांचे म्हणणे, तो प्रधान धुरंधर. ज्या राजाला साधे घड्याळ चावी देऊन चालवता येत नव्हते, तो विमान काय हाकणार? प्रधान यंत्रविद्येत निपुण, त्याचे प्रेत कुणी पाहिलेले नाही, आणि विमानवाल्याच्या अंगाला कापराचा वास येतो. प्रधान दम्यासाठी कापूर जवळ ठेवत असे. पोपट काय, प्रधानालाही ओळखत असेलच की.

वरवर पाहता हा पोरखेळ होता. पण विमानात राजा असेल तर राणी पतिव्रता, आणि प्रधान असेल तर ती घर सोडून पळालेली बाई. अण्णांना राणीवरचा हा डाग सहन होत नव्हता. गुरुदत्तरावांना अण्णांचा भाबडेपणा सहन होत नव्हता. एकेक अंक येई तसे दोघे एकमेकांना टोचून बोलू लागले होते, आणि त्या रविवारी ते फुटले.

खरे तर या कादंबरीनेच दोघांना एकत्र आणले होते. गुरुदत्तराव कल्याणच्या मामलेदार कचेरीत होते. कामानिमित्त ठाण्याला आले, अण्णांचे वाचन ऐकायला बसले आणि मग दर रविवारी येऊ लागले. असा रसिक माणूस व्याही मिळावा म्हणून अण्णांनी आपली एकुलती एक नीला त्यांच्या गणूला दिली. नीलाला अण्णांनी घरीच वाचायला शिकवले होते. त्यावरून आळीत कुजबुज झाली, तिला त्यांनी भीक घातली नाही. डाव्या हाताचा मुजरा पहिल्यांदा हेरला तो तिनेच. लग्नाआधी एका संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली होती, "अण्णा, हा डावखुरा कसा?" पुढे ओसरीवर अण्णांनी तो शोध आपला म्हणून सांगितला आणि वाहवा घेतली. नीलाही दाराआडून ऐकत खूश झाली होती.

त्या भांडणानंतर गुरुदत्तरावांनी कल्याणात पारनाक्याजवळच्या आपल्या घरी वेगळी बैठक सुरू केली. ठाण्याची निम्मी मंडळी तिकडे गेली. मिठाचा व्यापार करणारा दौलत दोन्हीकडे जाई आणि इकडचे तिकडे, तिकडचे इकडे पोचवी. त्याच्याकडून अण्णांना कळले की कल्याणात वाचनाच्या आधी गुरुदत्तराव अण्णांची नक्कल करतात. पोपटाचा आवाज काढून डाव्या हाताने मुजरा करतात आणि माणसे हसून लोळतात. नीला आतच असते का, असे गोदूबाईंनी विचारले. दौलत म्हणाला, आतच असणार, जाईल कुठे?

अण्णांनीही मग काही बाकी ठेवले नाही. ज्याच्या मनात पाप त्याला राणीत पाप दिसते, असे ते चारचौघांत बोलले. गुरुदत्तरावांच्या घराण्याचा एक जुना किस्साही त्यांनी उकरून काढला. तो आठवड्याच्या आत कल्याणला पोचला.

अशात नीलाला दिवस गेले होते. सातवा महिना सरत आला. पहिले बाळंतपण माहेरी, आणि मुलीला आणायला बापाने जायचे, ही रीत. गोदूबाईंनी बाजेचा सुंभ नवा घालून घेतला, बाळंतिणीची खोली सारवली, शेगडी काढून ठेवली. अण्णा हलेनात. गुरुदत्तरावांनी निरोप धाडला होता की अण्णांनी स्वतः यावे, भर बैठकीत चूक कबूल करावी आणि मुलीला खुशाल न्यावे. अण्णांनी उलट निरोप धाडला की मुखवटा उतरेल तेव्हा चूक कोणाची ते ठरेल, तोवर मी त्या घराची पायरी चढणार नाही.

"मग मी जाते," गोदूबाई म्हणाल्या.

"गेलीस तर तिकडेच राहा," अण्णा म्हणाले.

गोदूबाई गेल्या नाहीत. त्या पिढीतल्या बाईला नवऱ्याचा असा शब्द मोडणे ठाऊक नव्हते. पण त्यानंतर जेवायला वाढताना त्या ताट ठेवत आणि लगेच आत जात.

पुढच्या अंकात मुखवटा उतरणार अशी जाहिरात होती. उतरला, पण त्याखाली दुसरा, चांदीचा मुखवटा निघाला. ग्रंथकाराने पुन्हा वाचकांना ताटकळत ठेवले. दोन्ही बैठकांत आपापल्या परीने त्याचा अर्थ लागला. चांदी म्हणजे राजकुळ, असे अण्णांनी सांगितले. चांदीला मुलामा चढतो, प्रधानही तसाच, असे गुरुदत्तराव म्हणाल्याचे दौलतने आणून सांगितले.

त्याच सुमारास कल्याणहून कळले की नीला अडली आहे.

गोदूबाईंनी अण्णांकडे पाहिलेसुद्धा नाही. त्या मागल्या दाराने निघाल्या आणि थेट कोलशेतला जाऊन रोझा सुईणीच्या अंगणात उभ्या राहिल्या. नीलाचा जन्म रोझाच्याच हातचा. रोझाने काही विचारले नाही. भरती लागलेली होती. तिचा भाऊ कॉस्मास याने होडी सोडली आणि रोझा खाडीच्या वाटेने कल्याणला गेली.

ती परत आली तेव्हा अण्णा ओसरीवर जुने अंक पुढ्यात घेऊन बसले होते. रोझा एरवी अंगणातच थांबे. त्या दिवशी ती पायरीपर्यंत आली.

"पोरगी झाली," ती म्हणाली. "दोघी जगल्या."

अण्णांनी डोळे मिटले आणि हात जोडले.

"आईला हाक मारीत नव्हती ती. तुमालाच मारीत होती. अण्णा, अण्णा, सारा दिस. मी सांगितला, येतील गो. मंग दुसरे दिशी सकाळी गप झाली. मंग कोणालाच हाक नाय मारली." रोझाने पदराने तोंड पुसले. "माना वाटला तुमाला सांगावा."

गोदूबाईंनी तिला आत नेले. अण्णांनी पुढ्यातले अंक मिटले. उठून कल्याणला जावे असे त्यांच्या मनात आले. मग त्यांना पारनाक्याची ती ओसरी दिसली, तिथली माणसे, पोपटाचा आवाज. ते उठले नाहीत. बारशालाही गेले नाहीत.

माघात शेवटचा अंक आला. अण्णांनी तो उभ्याउभ्याच वाचला आणि शेवटचे पान पुन्हा उलटून पाहिले. चांदीचा मुखवटाही उतरला होता, आणि त्याआड कुणीच नव्हते. होती ती नुसती चक्रे, दाते, स्प्रिंगा. विमान हाकणारा माणूस नव्हताच, ते ढगांपलीकडच्या कुणा कारागिराने बनवलेले यंत्र होते. राजा समुद्रात बुडाला तो बुडालाच. प्रधान पहिल्याच वादळात मेला होता. राणी का गेली, यावर ग्रंथकाराने एक ओळही लिहिली नव्हती.

रविवारी दुपारी पायरीशी कुणीतरी खाकरले. गुरुदत्तराव उभे होते, हातात तोच अंक. चेहरा पार उतरला होता.

"अण्णासाहेब," ते म्हणाले, "चक्रं निघाली हो आत."

"मग डाव्या हाताने मुजरा का करवला त्याने?" अण्णा म्हणाले. "यंत्राला उजवा काय नि डावा काय?"

"आणि कापराचं काय? यंत्राला दमा होतो का कुठे?"

"या, वर या. बसा."

दोघे बसले. दोघांनी मिळून ग्रंथकाराची सालटी काढली. असा विश्वासघात आजवर कुठल्या लेखकाने केला नसेल, वाचकाला दोन वर्षे खुणा दाखवायच्या आणि शेवटी त्याच्या हातावर तुरी द्यायच्या, असल्या माणसाला छापखान्याची पायरी चढू देता कामा नये, यावर त्यांचे पूर्ण एकमत झाले. बोलता बोलता गुरुदत्तरावांनी अण्णांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पोपटाची खूण काही वाईट नव्हती, असे ते म्हणाले. अण्णांनीही घड्याळाच्या मुद्द्याला दाद दिली. त्यांना इतके हलके कित्येक महिन्यांत वाटले नव्हते. "पाणी आण गं," त्यांनी आत हाक दिली. पाणी आले नाही. गोदूबाई परसदारी होत्या.

निघताना गुरुदत्तराव म्हणाले, "नात तुमच्यावर गेली आहे हो. येऊन घेऊन जा दोघींना."

पुढच्या रविवारी अण्णा रेशीमकाठी धोतर नेसून कल्याणला गेले. गोदूबाईंनी खोली पुन्हा सारवली होती. बाजेवर नवी वाकळ घातली होती.

पारनाक्याच्या ओसरीवर त्यांचे स्वागत झाले. गुरुदत्तरावांनी नीलाला बाहेर बोलावले. ती आली, डोक्यावरून पदर घेतलेला, कडेला मूल. वाळली होती. तिने पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा त्यांच्यापुढे ठेवला आणि वाकून नमस्कार केला.

"प्रवासात त्रास नाही ना झाला आपल्याला?" तिने विचारले.

अण्णांना आधी वाटले, सासऱ्यांपुढे म्हणून ती अशी बोलते आहे. गुरुदत्तराव उठून आत गेले. बाप-लेक दोघेच उरली.

"नीले," अण्णा म्हणाले, "चल बाळ. आई वाट बघते आहे. आमचं भांडण मिटलं आता."

"हो, मामंजींनी सांगितलं. बरं झालं."

"मग तयारी कर."

"मी नाही येणार." तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतले. "आईला पाठवा. तिला सांगा, तिच्यासाठी दार उघडं आहे. आपणही येत जा. मामंजींना आपल्याशी बोलायला बरं वाटतं."

"माझं चुकलं गं," अण्णा म्हणाले. उभ्या जन्मात हे शब्द त्यांनी कुणापुढे उच्चारले नव्हते. जडच गेले.

नीलाने त्यांच्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर अण्णा त्याच्याशी भांडले असते, ते त्यांना येत होते.

"गूळ घ्या ना," ती म्हणाली, आणि आत गेली.

त्या संध्याकाळी अण्णा एकटेच घरी आले. गोदूबाईंनी त्यांच्या मागे रस्त्यावर नजर टाकली, मग आपले गाठोडे बांधले आणि दुसऱ्या दिवशी दौलतच्या बैलगाडीतून लेकीकडे गेल्या. महिनाभर राहून आल्या. पुढेही जात राहिल्या. नीला ठाण्याला आली नाही, सणाला नाही, कुणाच्या लग्नालाही नाही.

रविवारचे वाचन पारनाक्याच्या ओसरीवर सुरू झाले, कारण अण्णांनीच तसे सुचवले. मासिकात दुसरी अद्भुत कादंबरी आली, तिच्यातही बुडालेले शहर होते आणि एक गूढ जोगी होता. अण्णा वाचत. तो जोगी कोण, यावर त्यांनी आपले मत कधी दिले नाही. गुरुदत्तराव खोदून विचारत, तेव्हा म्हणत, पुढचा अंक येऊ द्या.

नात तीन वर्षांची झाली, घरभर दुडदुडू लागली. एका रविवारी अण्णा जोडे काढत होते, तेवढ्यात ती उंबऱ्यावर आली, क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली, आणि वळून आत ओरडली,

"आई, ठाणेकर आले."

आतून तांब्याभांड्याचा आवाज आला. अण्णा हातपाय धुऊन आपल्या जागेवर जाऊन बसले आणि त्यांनी नव्या अंकाची जोडून आलेली पाने कापायला घेतली.