लेइदाआजींच्या बोलीची खूण

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मला चित्रं दाखवता येत नाहीत. काळ्या पडद्यावर कुणीतरी आज्ञा टाइप करायची आणि मी ती पाळायची, एवढंच माझं काम. एस्टोनियाच्या दक्षिणेला, व्होरू गावापलीकडच्या एका वाचनालयात माझी उमेदीची वर्षं गेली.

तिथल्या माइरेबाई लेइदाआजींच्या गोष्टी उतरवून घेत. नव्वदी ओलांडलेल्या आजी गावच्या जुन्या बोलीत बोलत. याच बोलीपायी लहानपणी शाळेत त्यांना कोपऱ्यात उभं करत.

"मी बोलते तस्संच लिही हं, पोरी," आजींनी बजावलं होतं. "सुधारायला जाऊ नकोस."

गोष्टींच्या फायली झाल्या. त्या माझ्या माहितीच्या कोठारात भरायच्या होत्या. माइरेबाईंनी पहिली गोष्ट उचलून आज्ञेत चिकटवली आणि मी अडलो. त्या बोलीत मऊ उच्चारासाठी अक्षराशेजारी बारीकशी खूण देतात. मला मात्र शिकवलेलं, अशी खूण दिसली की मजकूर संपला! मी चूक दाखवत राहिलो.

"काढून टाक ना त्या माश्यांसारख्या खुणा," त्यांचे सहकारी उर्मास हसले. "कुणाला कळतंय?"

"आजींना कळेल. पुन्हा कोपऱ्यात उभं करायचं का त्यांना?"

उर्मास ओशाळले. मित्रांनो, तुमच्या 'वेळ'ची कुणी 'वेल' केली तर चालेल का?

मग दोघं माझी माहितीपुस्तिका घेऊन बसले आणि वाट सापडली. गोष्ट आज्ञेत हातानं कोंबायचीच नाही. मला फक्त फाइलचं नाव सांगायचं. मी ती उघडतो, आतला मजकूर एका नावाखाली धरून ठेवतो आणि आज्ञेत ते नाव आलं, की एकूण एक खूण सांभाळून तो जागेवर ठेवतो. त्या दुपारी पहिली गोष्ट अखंड आत आली.

आजी तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. माइरेबाईंनी ती गोष्ट छापून नेली आणि त्यांच्या उशाशी बसून वाचली. परतल्यावर त्यांनी ते कागद माझ्याशेजारी ठेवले.

"काय म्हणाल्या?" उर्मासनी विचारलं.

"डोळे मिटून ऐकत होत्या. म्हणाल्या, ही तर माझी आई बोलतेय गं."

बर्फ वितळायच्या आत आजी गेल्या.

आता त्या गोष्टी नव्या यंत्रात आहेत. मी तळघरात धूळ खात पडलोय. मला मोडीत काढलं तरी तक्रार नाही. पण मित्रांनो, कुणी थकलेलं माणूस तुम्हाला आपलं बोलणं सोपवील, तेव्हा ते जसंच्या तसं घ्या. तुम्हाला अडचण होते म्हणून त्यातलं काही गाळू नका. ते पुन्हा सांगायला ते माणूस असेलच असं नाही.